प्रोफेसर गंधकाला मी मारलं

दादा, परवा तुझी तेरवी झाली आणि तेव्हापासून मी नुसती झोपते आहे. दुपारी उठते, चहा करते, तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघते आणि पुन्हा आडवी होते. या वयात रडायलाही अंगात ताकद लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू असतास तर म्हणाला असतास, "मंदे, नाटक करून राहिली का?" नाही रे. खरंच दमले आहे.

तेरा दिवस जबलपुरात महाराजपूरच्या तुझ्या घरी माणसं येत होती. सगळ्यांचं एकच वाक्य, "बहुत सज्जन आदमी थे।" वहिनी मान हलवायची, मीही हलवायची. तू आणि सज्जन! तू चिडका होतास, टवाळ होतास, उधार आणलेलं पुस्तक कधी परत करायचा नाहीस आणि शेवटच्या महिन्यातसुद्धा नर्सचं नाक कसं चुकीच्या जागी आहे ते मला कागदावर काढून दाखवत होतास. सज्जन माणसांसाठी मी इतकी दमले नसते.

तेरवीच्या दिवशी एक अनोळखी माणूस आला. पन्नाशीचा, हातात हेल्मेट. सदर बाजारात राहतो म्हणाला. तुझ्या फोटोला फूल वाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "दीदी, प्रोफेसर गंधक यही बनाते थे न?"

किती वर्षांनी ते नाव परक्या तोंडून ऐकलं. मी हो म्हटलं. तर तो तिथेच सतरंजीवर बसला.

"एक बात पूछूँ? बचपन से मन में अटकी है। गंधक आखिर में मरा था कि नहीं? मेरे पास जो कॉमिक्स थी, उसका आखिरी पन्ना फटा हुआ था।"

"मर गया था," मी म्हटलं.

"अच्छा." त्याचा चेहरा उतरला. इतकी वर्षं त्याने आशा धरली असावी. जेवणाच्या पानावरून उठला तेव्हा लाडूही अर्धाच खाल्लेला होता.

संध्याकाळी निखिलने तुझी जुनी फाइल माझ्या हातात दिली. तुझ्या मुलाला मराठी समजते सगळी, बोलायची वेळ आली की गडबडतो. "आत्या, हे तुम्ही... आप ही रखो। मेरे पास बेंगलोर में पड़ी रहेगी बस।" फाइल घेऊन मी सिविल लाइन्सला आपल्या जुन्या घरी आले आणि ती खुर्चीवर ठेवून दिली. दोन दिवस ती खुर्चीवर आणि मी पलंगावर, अशा आम्ही एकमेकींकडे बघत होतो. आज दुपारी उघडली. त्यात काय दिसलं ते सांगते, पण आधी मला दुसरं काही कबूल करायचं आहे. चाळीसेक वर्षं ते माझ्या घशात आहे.

तुला आठवतं, गंधक पहिल्यांदा कसा दिसला? बंगल्यामागच्या याच आउटहाउसमध्ये, या खिडकीपाशी तू पाट मांडीवर घेऊन बसला होतास. लांबोडका चेहरा, माकडटोपी, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, मोज्यांवर चप्पल. चष्म्याची एक काच साधी, एक काळी. मी बघितलं आणि हातातली शाई सांडली.

"दादा, हे तर बाबा!"

"गप. हा प्रोफेसर गंधक आहे. साऱ्या दुनियेचा नाश करणार आहे."

बाबा शाळेत सायन्स शिकवत. मागच्या खोलीत त्यांच्या बाटल्या, तारा, बॅटऱ्या, आणि घरभर सडक्या अंड्यांचा वास. त्यांच्या चष्म्याची काच काही काळी नव्हती, पण ग्रहणाच्या दिवशी ते दिव्यावर काच धरून काजळायचे आणि आपल्या दोघांना गच्चीवर नेऊन सूर्य दाखवायचे. ती काच तू त्यांच्या चष्म्यात बसवलीस. शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्यांचा तो प्रयोग फसला होता, पाहुणे खोकत बाहेर पळाले होते, सगळा हॉल हसला होता. तोच प्रसंग तुझ्या पहिल्या अंकाचं पहिलं पान झाला. लोक हसले म्हणून गंधक वेडा होतो आणि भेडाघाटला धुआंधार धबधब्याच्या पाण्यामागे प्रयोगशाळा थाटतो. त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांत जोरात तू हसला होतास, दादा. आणि चित्रातल्या गर्दीतही तू स्वतःला काढलंस, पहिल्या रांगेत, तोंड उघडं. तेवढा प्रामाणिकपणा तुझ्यात होता. नायक कोण होता म्हणशील तर बिजलीकुमार. त्याचा चेहरा दर अंकात बदलायचा, कारण त्याच्यात तुझा जीव नव्हता.

तू गोष्ट रचायचास, चित्रं काढायचास. अक्षरं माझी. तू मला बोरू धरायला शिकवलंस, माझ्या हातावर हात ठेवून एकेक काना ओढून घेतलास. पातळ कागदावर मी गंधकाचं बोलणं लिहायची, ब्लेडने कापायची आणि आईने शिजवलेल्या कणकेच्या लईने तुझ्या चित्रावर चिकटवायची. कुठली पट्टी कुठे लावायची, ते तू निळ्या पेन्सिलीने खूण करून ठेवायचास, कारण प्रेसच्या फोटोत निळं येत नाही. प्रकाशक भाईसाहबांनी माझं नाव छापायला नकार दिला. तू भांडलास, नाव काही आलं नाही. मग प्रत्येक अंकात गंधकाच्या कपाटातल्या एका बाटलीवर तू बारीक अक्षरांत लिहायला लागलास, 'मंदा ॲसिड, दूर रखें'. मी रागावून दाखवायची. अंक हातात आला की आधी ती बाटली शोधायची.

आता ऐक.

पहिले दोन अंक आले आणि गल्लीतली पोरं बाबांच्या मागे "गंधक सर, गंधक सर" ओरडायला लागली. एका संध्याकाळी तू मित्रांबरोबर सदरला गेला होतास. बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मंदा, हा गंधक कोण आहे?"

खोटं बोलता येईना. अंक आणून दिला. त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. मी वाट बघत होते की आता फाडतील. ते म्हणाले, "हा माकडटोपी उन्हाळ्यात काहून घालतो?" मग खिशातली पेन्सिल काढली आणि समासात लिहिलं, 'ॲसिडमध्ये पाणी ओतू नये. पाण्यात ॲसिड ओतावे. याला आठवीत शिकवले होते.'

याला म्हणजे तुला. बाबांनीच शिकवलं होतं.

त्यानंतर तू घराबाहेर पडलास की ते माझ्याजवळ यायचे. "आणलं का त्यानं काही नवीन?" मी पानं पसरायची, ते चष्मा कपाळावर चढवून वाकायचे. "जबलपूरच्या थंडीत पारा गोठत नाही म्हणावं. आणि या नळीचं तोंड बंद दाखवलं, वाफ जाईल कुठून?" मी त्यांचं ऐकून गंधकाचं बोलणं बदलायची. जिथे चित्रच चूक होतं तिथे सफेदा लावून दुरुस्त करायची. मी एकदा म्हटलं, बाबा, तुम्हीच सांगा ना दादाला. तर म्हणाले, "नको. त्याचं त्याला करू दे. मी मधात आलो की बिघडते." आणि माझ्याकडून वचन घेतलं.

तुझ्या लक्षात आलंच. "मंदे, हे पाऱ्याचं तू काहून बदललं?"

"चूक होतं."

"कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

तू मोठ्यांदा हसलास. "अरे वा! आपली मंदी तर सायंटिस्ट निघाली!" आणि मला सदरला नेऊन खव्याची जिलेबी खाऊ घातलीस. मित्रांना सांगितलंस की गंधकाचं डोकं माझ्या बहिणीचं आहे. दादा, त्याआधी मला कोणी कशाला हुशार म्हटलं नव्हतं. मॅट्रिकला दोनदा बसलेली मुलगी मी. ती जिलेबी मला इतकी गोड लागली की पुढे गप्प राहायला बाबांच्या वचनाची गरजच उरली नाही.

असे नऊ अंक निघाले. तुम्ही दोघे एका घरात राहून एकमेकांशी धड बोलत नव्हता आणि दर महिन्याला माझ्या हातून एक पुस्तक मिळून काढत होता. हे फक्त मला माहीत होतं.

मग तो फॉर्म आला. फॅक्टरीतल्या नोकरीचा. बाबांनी सगळा भरून ठेवला होता, तुझी फक्त सही हवी होती आणि फोटो. तू सही केली नाहीस. फोटोच्या चौकटीत गंधकाचं तोंड काढलंस आणि फॉर्म त्यांच्या ताटाशेजारी ठेवलास. बाबांनी तो उचलला, बराच वेळ बघितला आणि न जेवता उठून गेले. तू पांढरा पडला होतास. त्याच आठवड्यात तू महाराजपूरला मित्राच्या खोलीवर राहायला गेलास.

बाबा मागच्या खोलीत जाऊन काय म्हणाले, ते तुला कधी कळलं नाही. मी पाणी घेऊन गेले होते. ते फॉर्म दिव्याखाली धरून बसले होते. "नाक बरोबर जमलं आहे," म्हणाले.

एवढं एक वाक्य मी तुला सांगितलं असतं तरी तू चालत घरी आला असतास.

दहाव्या अंकाची पानं तू भाईसाहबांच्या माणसाबरोबर माझ्याकडे पाठवलीस. शेवटच्या पानावर स्फोट. प्रयोगशाळा उडाली आहे, बाटल्या फुटल्या आहेत, धुराचे लोट, मधोमध ते मोठं टेबल आणि जमिनीवर गंधकाचा चष्मा, काळी काच तडकलेली. तू लिहून दिलेली पट्टी होती, 'और इस प्रकार प्रोफेसर गंधक का अंत हुआ।' बाबा नेहमीसारखे आले. उभ्यानेच पान बघितलं. त्यांचा हात चित्रातल्या टेबलाच्या कडेवर होता, तो तिथेच राहिला. मग ते मागे गेले आणि थोड्या वेळाने वहीचा चतकोर कागद घेऊन आले.

"हे त्याला दे."

मला वाटलं चुकून म्हणाले. "त्याला? दादाला?"

"हो. माझ्या नावानं दे."

कागदावर लिहिलं होतं, 'स्फोटाचा जोर वरच्या दिशेने जाईल. टेबल सागवानी दिसते. टेबलाखाली जागा आहे. मनुष्य वाचू शकतो.'

दादा, ही चिठ्ठी मी तुला दिली नाही.

बहाणे पुष्कळ आहेत. तू रागात आहेस, फाडून टाकशील. बाबांचा अपमान होईल. आईची तब्येत बरी नाही. सगळे खोटे. खरं कारण एवढंच की चिठ्ठी तुझ्या हातात पडली असती तर पारा कोणाचा आणि वाफ कोणाची, हे तुला कळलं असतं. मंदी सायंटिस्ट नाही, मंदी नुसती बोरू चालवते, हे कळलं असतं. चार दिवसांनी बाबांनी विचारलं, "दिली का?" मी म्हटलं, दिली. "काही बोलला?" मी म्हटलं, नाही, काहीच नाही बोलला.

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही आणि माझ्या पानांजवळही कधी आले नाहीत.

पुढे पानंही उरली नाहीत. अंक निघाला आणि भाईसाहबांनी धंदा गुंडाळला. तू दुकानांच्या पाट्या रंगवल्यास, मग शाळेत चित्रकला शिकवलीस, लग्न केलंस, सणावाराला घरी यायला लागलास. बाबा आणि तू वरण-भाताबद्दल आणि क्रिकेटबद्दल बोलायचात. अंक छापून आल्यावर तू मला फक्त एकदा विचारलं होतंस, "मंदे, पट्टी खाली काहून लावली? मी तर खूण वर केली होती." मी म्हटलं, वर धूर छान निघाला होता, तो झाकला गेला असता. तू माझ्याकडे बघत राहिलास. मग हसलास, "चलो, ठीक आहे. मेला तर मेला." त्यानंतर जन्मभर तुझी ती एक थट्टा. वहिनीला सांगायचास, निखिलला सांगायचास, "गंधकाला मी नाही मारलं बाबा, आपल्या मंदीनं मारलं." सगळे हसायचे. मीही हसायची. 'अंत' हा शब्द माझ्या अक्षरात होता म्हणून तू म्हणतोस, असं मला वाटायचं.

बाबा गेले त्या दिवशी ग्वारीघाटाच्या स्मशानातून परतताना तू ऑटोत म्हणालास, "बाबांनी माझ्या अंकातलं एक चित्र नाही पाहिलं, मंदे. एक." मी बाहेर बघत बसले. बोलायला तोंड उघडलं होतं, देवाशपथ. पण आता ते गेल्यावर सांगणं म्हणजे तुला दुप्पट मारणं, असं वाटलं. हेही कारण म्हणून चांगलं दिसतं. आणि बघता बघता माणूस म्हातारं होतं.

गेल्या महिन्यात दवाखान्यात येताना मी ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन यायची. रोज. तू जागा असायचास तेव्हा वहिनी असायची, वहिनी जेवायला गेली की तुला डुलकी लागायची. एकदा आपण दोघेच होतो. मी पर्स उघडली. तू डोळे उघडून म्हणालास, "जिलेबी आणली का?" मी म्हटलं, डॉक्टर रागावतील. तू म्हणालास, "तू बी ना, मंदे, सगळं उशिरा आणते." मी पर्स बंद केली.

तर आज दुपारी फाइल उघडली. वरच दहाव्या अंकाची पानं. तू भाईसाहबांशी भांडून ती परत मिळवली होतीस आणि इतकी वर्षं सांभाळलीस, हे मला माहीत नव्हतं. शेवटचं पान बाहेर काढताना माझी पट्टी गळून पडली. लईच ती, किती वर्षं धरणार? 'और इस प्रकार' जमिनीवर पालथं पडलं होतं. वाकून उचलायला मला वेळ लागला, गुडघे आता माझं ऐकत नाहीत. उठले आणि पानाकडे बघितलं.

वरच्या कोपऱ्यात तुझी निळी खूण अजून आहे. 'पट्टी इथे.' आणि खाली, जिथे मी ती चिकटवली होती, तिथे टेबलाखालचा अंधार आहे. त्या अंधारात दोन पाय आहेत. मोज्यांतले. बाबांच्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी आईने रफू केलेलं, तेसुद्धा तू काढलंस. पाय पोटाशी आखडून घेतलेले, जिवंत माणूस घेतो तसे.

दादा, धूर छान होता म्हणून मी पट्टी खाली लावली नव्हती. बाबांची चिठ्ठी माझ्या ब्लाउजमध्ये होती आणि मला ते टेबल डोळ्यांसमोर नको होतं. मी बघितलंच नाही. बघायचंच नाही म्हणून त्याच्यावर कागद चिकटवला आणि वरून हात फिरवला. त्याच्याखाली तू बाबांना लपवलं होतंस, हे मला काय माहीत! तू त्यांना वाचवलं होतंस, त्यांनी तुला वाचवण्याची जागा दाखवली होती, आणि मधात मी लईची वाटी घेऊन बसले होते.

तू मला कधी रागावला नाहीस. थट्टा केलीस. त्या थट्टेत किती होतं, ते आज मोजायची माझ्यात ताकद नाही.

सदरच्या त्या माणसाला शोधून काढेन म्हणते. त्याला पान दाखवेन. पण ते नंतर, जरा पाय चालायला लागले की. आज फक्त तुझ्याशी बोलायचं होतं. पट्टी मी पुन्हा लावलेली नाही. पान खिडकीपाशी उभं केलं आहे, जिथे तू बसायचास, आणि चिठ्ठी त्याच्यासमोर उघडून ठेवली आहे. वाच.

बाबांनी तुझी चित्रं बघितली, दादा. सगळी बघितली. टेबलाखाली जागा आहे, हे त्यांनाही दिसलं होतं.